तांब्याची कमाई, हिऱ्यांची शिल्लक

झांबेझी नदीच्या काठी कझुंगुला नावाचे ठिकाण आहे. झांबिया, बोत्स्वाना, झिंबाब्वे आणि नामिबिया हे चार देश तिथे एकमेकांना जवळपास टेकतात. त्यांतल्या झांबिया आणि बोत्स्वाना यांची सामाईक हद्द जेमतेम दीडशे मीटरची, तीही नदीच्या पात्रात. मे २०२१ मध्ये तिथे पूल सुरू झाला. तोवर तांब्याने लादलेले ट्रक तराफ्यावर चढवून पलीकडे न्यावे लागत आणि ट्रकवाले दोन्ही काठांवर कित्येक दिवस ताटकळत बसत. नवा पूल ९२३ मीटर लांब आहे आणि तो वळण घेऊन जातो. सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता.

इतका अरुंद शेजार असलेल्या या दोन देशांच्या राष्ट्रीय बचतीची, स्वातंत्र्यापासून आजवरची तुलना हा या पुस्तकाचा विषय. विषय रुक्ष आहे, हे कबूल. ‘स्थूल राष्ट्रीय बचत, जीडीपीच्या टक्केवारीत’ असे तक्त्यावर लिहिलेले दिसले की भला भला वाचक पान उलटतो. पण या दोन देशांच्या बाबतीत त्या तक्त्यात एक नाट्य आहे आणि ते उलगडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दोन्ही देश ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला, बोत्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी. दोघांनाही समुद्रकिनारा नाही. दोघांच्याही दाराशी गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटी. दोघांचीही गुजराण पुढे एकेका खनिजावर झाली. एकाची तांब्यावर, दुसऱ्याची हिऱ्यांवर. साम्य इथे संपते, कारण निघताना त्यांच्या गाठीला जे होते त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. झांबियाच्या उत्तरेतल्या ‘कॉपरबेल्ट’ पट्ट्यात किटवे, मुफुलिरा, चिंगोला, लुआन्श्या अशी खाणींची गावे वसलेली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथून वर्षाला सात लाख टनांच्या घरात तांबे निघत होते आणि देशाच्या निर्यातीतले नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न त्यातूनच येत होते. त्या काळातल्या जागतिक बँकेच्या तक्त्यांत झांबियाची बचत जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास दिसते. आपल्याकडे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीला हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आगेमागे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

आणि बोत्स्वाना? त्या देशाला स्वतःची राजधानीसुद्धा नव्हती. बेचुआनालँड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संरक्षित प्रदेशाचा कारभार मॅफेकिंगहून, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका गावातून, हद्दीबाहेरून चालत असे. स्वातंत्र्य तोंडावर आल्यावर गॅबोरोनचे बांधकाम घाईघाईने सुरू झाले. देशभरात डांबरी रस्ता होता सुमारे १२ किलोमीटर. साठीच्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळांत गुराढोरांपैकी जवळपास तिसरा हिस्सा दगावला होता, आणि गुरे हीच तिथली मिळकत. देशात जेवढे पिकत होते त्याहून अधिक खाल्ले जात होते. साहजिकच बचतीचा आकडा शून्याच्या खाली होता. कारकुनांचे पगार भागवायलासुद्धा १९७२-७३ पर्यंत लंडनहून अनुदान येत असे.

त्या वेळी कोणा जाणकाराला विचारले असते की या दोघांतला कोणता देश पुढे जाईल, तर त्याने डोळे मिटून झांबियाचे नाव घेतले असते. त्याच्यापाशी शास्त्राधारही होता. सर आर्थर लुईस यांनी १९५४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात म्हटले होते की विकासाचे मुख्य कोडे म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा समाज बारा-पंधरा टक्क्यांवर कसा जातो, हे समजून घेणे. त्या कसोटीवर झांबिया पेपर लिहायच्या आधीच उत्तीर्ण झाला होता. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकात झांबियाची बचत एकेरी आकड्यापर्यंत घसरली आणि बोत्स्वानाची तिशीच्या वर, काही वर्षे चाळिशीच्याही वर राहिली. आलेखावर या दोन रेघा एकमेकींना कापून जातात. त्या का कापल्या गेल्या, याचे उत्तर लोकांच्या काटकसरीत शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. बोत्स्वानातला माणूस झांबियातल्या माणसाहून हात आखडून खर्च करणारा होता, असे मानायला कसलाही आधार नाही. खनिजाला भाव असताना ती मिळकत कोणाच्या हातात पडली आणि त्या हाताला कोणता लगाम होता, याची नोंद म्हणजे हा बचतीचा आकडा, असे माझे मत आहे. पुस्तकाची सगळी मांडणी त्या मतावर उभी आहे.

थोडे हिशेबाबद्दल. राष्ट्रीय बचत कोणी मोजत नाही; ती उरते. वर्षभरात देशात जे उत्पादन झाले त्यातून कुटुंबांचा आणि सरकारचा उपभोग वजा केला की देशांतर्गत बचत मिळते. परदेशातून आलेले आणि परदेशात गेलेले व्याज, लाभांश, पगार, मनीऑर्डरी यांचा मेळ घातला की तीच राष्ट्रीय बचत होते. अशा वजाबाकीत एक खोड असते. उत्पादन १०० धरा आणि उपभोग ८०. बचत झाली २०. आता उपभोगाची नोंद पाच टक्क्यांनी कमी झाली होती असे मागाहून कळले, तर उपभोग होतो ८४ आणि बचत राहते १६. वरची चूक पाच टक्क्यांची, खाली तिची वीस टक्के झाली. ज्या देशात मोठा व्यवहार बाजाराच्या ओट्यावर, बिनपावतीचा होतो, तिथे ही चूक पाच टक्क्यांवरच थांबेल याची हमी कोण देणार? आर्थिक इतिहासकार मॉर्टन जर्व्हन यांनी ‘पूअर नंबर्स’ या २०१३ च्या पुस्तकात झांबियाच्या सांख्यिकी कार्यालयाचे जे वर्णन केले आहे ते वाचून कोणाचाही विश्वास डळमळावा. साऱ्या देशाचे राष्ट्रीय लेखे मोजक्या माणसांच्या खांद्यावर होते. पुढे २०१४ मध्ये झांबियाने जीडीपीचे आधारवर्ष १९९४ वरून २०१० वर आणले आणि अर्थव्यवस्था बसल्या जागी सुमारे पंचवीस टक्क्यांनी मोठी झाली. एकही नवी खाण न खोदता. म्हणून या पुस्तकातले आकडे मी दशांश चिन्हापुढे नेलेले नाहीत. ज्या शास्त्राला चाळीस आणि पंचेचाळीस यांत खात्रीने फरक करता येत नाही, त्याने ४२.३७ असे लिहू नये.

‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’ या दोन विशेषणांतला फरक मात्र झांबियाच्या बाबतीत जीवनमरणाचा आहे. चाळीस टक्क्यांचा तो आकडा देशांतर्गत बचतीचा. खाणी होत्या अँग्लो अमेरिकन आणि रोन सिलेक्शन ट्रस्ट या दोन परकी समूहांच्या. नफा झांबियाच्या मातीत जन्मायचा आणि लाभांश होऊन समुद्रापार जायचा. त्याखेरीज जमिनीखालच्या खनिजाचे हक्क आणि त्यांवरची रॉयल्टी सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीकडे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजांशी केलेल्या करारांच्या बळावर ही कंपनी दशकानुदशके दर टनामागे आपला वाटा घेत राहिली. स्वातंत्र्याला काही तास उरले असताना तिने ४० लाख पौंडांच्या बदल्यात ते हक्क सोडले. निम्मी रक्कम ब्रिटनने दिली, निम्मी नव्या झांबियाने. आपल्याच जमिनीखालचे तांबे आपले म्हणवून घ्यायला नव्या राष्ट्राला पहिल्याच दिवशी पदरचे पैसे मोजावे लागले. तेव्हा ‘झांबिया चाळीस टक्के बचत करीत होता’ या वाक्यातल्या कर्त्यापाशी जरा थांबायला हवे. बचत होत होती, पण करणारा वेगळाच होता.

राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी हे बदलायचे ठरवले. १९६८ मध्ये मुलुंगुशी इथे आणि १९६९ मध्ये मातेरो इथे त्यांनी ज्या घोषणा केल्या, त्यांतून सरकारने खाणींत ५१ टक्के हिस्सा घेतला. राष्ट्रीयीकरण झाले की सगळे बिघडते, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडेही आहे. त्याला झांबियाचे उदाहरण फार आवडते. हिशेब इतका सोपा नाही. बोत्स्वानानेही हिऱ्यांच्या खाणीत निम्मा हिस्सा घेतला आणि तिथे काही बिघडले नाही. झांबियाचे नशीब असे की मालकी हातात आली आणि चार-पाच वर्षांत भाव गेला. १९७४ च्या वसंतात लंडनच्या धातूबाजारात तांब्याने उच्चांक गाठला आणि वर्ष संपायच्या आत तो निम्म्याच्याही खाली आला. साठीच्या दशकाअखेर सरकारी महसुलापैकी निम्म्याहून अधिक रक्कम खाणींतून येत होती. १९७७ साली खाणींतून आलेला महसूल होता शून्य.

शून्यावर आल्यावर घर कसे चालवायचे? काउंडांच्या सरकारने कर्ज काढले. भाव पुन्हा चढेल असा अंदाज होता, आणि तो एकट्या राजधानी लुसाकाचा नव्हता. बाहेरचे तज्ज्ञही तेच सांगत होते. भाव काही चढला नाही. मधल्या काळात भूगोलाने आणखी पिळले. ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्यांनी १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यापासून झांबियाची दक्षिणेची वाट धोक्यात आली होती. जानेवारी १९७३ मध्ये ती सीमा बंद झाली. पश्चिमेची बेंग्वेला रेल्वे १९७५ मध्ये अंगोलाच्या यादवीत बंद पडली. पूर्वेला दार-एस-सलामपर्यंत तेलवाहिनी टाकावी लागली, चीनच्या मदतीने १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधावी लागली. लुसाकात दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे मुख्यालय होते, झिंबाब्वेच्या मुक्तिसैनिकांचे तळ होते, आणि त्यापायी ऱ्होडेशियाची विमाने झांबियावर बाँब टाकून जात. शेजाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी झांबियाने जे मोजले ते राष्ट्रीय लेख्यांत कुठल्याच रकान्यात ‘गुंतवणूक’ म्हणून दिसत नाही. मला हे लेख्यांचे वैगुण्य वाटते.

तसेच शिक्षणाचे. स्वातंत्र्याच्या वेळी झांबियात पदवीधर होते शंभराच्या आसपास. १९६६ मध्ये झांबिया विद्यापीठ उभे राहिले, त्याला सामान्य लोकांनी वर्गणी दिली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी मका दिला, कोंबड्या दिल्या. गावोगाव शाळा निघाल्या. पण शिक्षकाचा पगार हा हिशेबाच्या भाषेत उपभोग. म्हणजे शाळा काढली की बचत घटते आणि खाणीत नवे यंत्र बसवले की ती टिकते! झांबियाची बचत ढासळली तिचा काही भाग मुलांच्या पाटी-पुस्तकात गेला.

सगळाच नाही गेला. शहरांतल्या मक्याच्या पिठावर, ज्याची तिथे न्शिमा करतात, सरकार मोठी सबसिडी देत होते. खाणकामगार संघटित होते, शहरांत राहत होते, त्यांना दुखावणे परवडण्यासारखे नव्हते. डिसेंबर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली चांगल्या प्रतीच्या पिठावरची सबसिडी काढताच भाव दुप्पट झाला, कॉपरबेल्टमध्ये दंगली उसळल्या, माणसे मेली आणि काही दिवसांतच सरकारने निर्णय मागे घेतला. पुढच्या मे महिन्यात काउंडांनी नाणेनिधीशी फारकत घेतली आणि कर्जफेड निर्यातीच्या दहा टक्क्यांवर रोखायची घोषणा केली. जून १९९० मध्ये पुन्हा पिठाचा भाव, पुन्हा दंगली, पाठोपाठ बंडाचा प्रयत्न. १९९१ च्या निवडणुकीत काउंडा हरले आणि शांतपणे पायउतार झाले, ही गोष्ट त्यांच्या खाती जमा करायलाच हवी.

आता बोत्स्वाना. १९६७ मध्ये ओरापा इथे डी बिअर्स या हिरे कंपनीच्या भूगर्भशास्त्रज्ञांना हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला. तो बांग्वाटो जमातीच्या प्रदेशात होता आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. माणसाला मोह व्हावा अशीच परिस्थिती. पण त्याच वर्षीच्या कायद्याने जमिनीखालच्या खनिजाचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे गेले आणि खामांच्या बांग्वाटोंनीही ते सोडले. खाण १९७१ मध्ये सुरू झाली. सरकारचा हिस्सा आधी १५ टक्के होता. १९७५ पर्यंत वाटाघाटी करून तो ५० टक्क्यांवर नेला. कर आणि रॉयल्टी धरली तर नफ्यातला सिंहाचा वाटा सरकारकडे येऊ लागला. १९८२ मध्ये ज्वानेंग सुरू झाली, जी मूल्याच्या दृष्टीने जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण मानली जाते.

पण खाण सापडणे ही नशिबाची गोष्ट. कस लागला तो १९८१ साली. जगात मंदी आली, हिऱ्यांची मागणी बसली, आणि विक्रीची सूत्रे हाती असलेल्या डी बिअर्सच्या केंद्रीय विक्री संस्थेने माल उचलायचे थांबवले. कित्येक महिने बोत्स्वानाचा एकही हिरा विकला गेला नाही. परकीय चलनाचा साठा झपाट्याने आटू लागला. झांबियाची १९७४ ची घडी ती हीच. गॅबोरोनमधल्या सरकारने, क्वेट मासिरे तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि त्याआधी दीर्घकाळ अर्थमंत्री, भाव पुन्हा चढेल या भरवशावर कर्ज काढले नाही. पगारवाढ गोठवली, बँकांच्या कर्जांना चाप लावला, सरकारी खर्च छाटला, मे १९८२ मध्ये पुला या चलनाचे दहा टक्के अवमूल्यन केले. खाणी मात्र चालू ठेवल्या आणि न विकलेले हिरे साठवत गेले.

या साठ्याची पुढची कथा कोणी कादंबरीत लिहिली तर पटणार नाही. बाजार सावरल्यावर, १९८७ मध्ये, साठवलेले हिरे डी बिअर्सला एकगठ्ठा विकले गेले. मोबदल्यात रोकड तर मिळालीच, शिवाय खुद्द डी बिअर्सचे पाच टक्क्यांहून थोडे अधिक भाग आणि संचालक मंडळावर दोन जागा मिळाल्या. वीस वर्षांपूर्वी पगारासाठी लंडनच्या तोंडाकडे पाहणारा देश जगातल्या हिरे-मक्तेदाराचा भागीदार झाला. तक्ता वाचणाऱ्याने इथे एक खुबी ध्यानात ठेवावी: न विकलेला हिरा हिशेबात ‘साठ्यातली वाढ’ धरला जातो, म्हणजे गुंतवणूक, आणि तितकीच बचतही. संकटाच्या वर्षांतही बोत्स्वानाचा आकडा वाटतो तितका पडत नाही, त्याचे एक कारण तिजोरीतल्या या न विकलेल्या दगडांत आहे.

त्यानंतर बोत्स्वानाने जे केले ते कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच थोर आहे. राष्ट्रीय विकास योजनेत नसलेला प्रकल्प कोणा मंत्र्याने मध्येच घुसडायचा नाही, हा दंडक पाळला. १९९४ मध्ये पुला फंड काढून जास्तीचा पैसा परदेशी रोख्यांत आणि शेअर्समध्ये ठेवला. अर्थसंकल्पाला एक साधी कसोटी लावली: रोजचा चालू खर्च हिऱ्यांव्यतिरिक्तच्या महसुलातून भागतो का? भागत असेल तर हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा, दवाखाने आणि शिलकीसाठी मोकळा. ही कसोटी पुढे दरवर्षी पाळली गेली असे नाही. पण आपण ती मोडतो आहोत हे मोडणाऱ्याला आकड्यात दिसत होते, हेही थोडके नाही. या शिलकीचा उपयोग कशाला झाला याचे एक उदाहरण पुरे. नव्वदच्या दशकात एचआयव्हीने देश पोखरला, प्रौढांतल्या दर चौघांपैकी एकाला तरी लागण होती. २००२ मध्ये ‘मासा’ नावाची मोफत औषधांची राष्ट्रीय योजना सुरू झाली, आफ्रिकेतली अशी पहिली. परदेशी देणग्यांचा हातभार होता, पण मोठा भार सरकारने स्वतः उचलला.

इथवर वाचून बोत्स्वानाची आरती ओवाळायला कोणी निघाले असेल तर त्याला थोडे थांबवतो. वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा बँकेत ठेवला तर घराची बचत वाढली म्हणायचे का? पासबुकात आकडा वाढला हे खरे, पण सातबाऱ्यावरचे नाव गेले. हिरा एकदाच निघतो. स्थूल बचतीच्या हिशेबात त्याचे पूर्ण मोल जमेला धरले जाते आणि रिकाम्या झालेल्या खाणीची वजावट कुठेच होत नाही. जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये नियम मांडला की संपणाऱ्या खनिजाचे सगळे निव्वळ उत्पन्न यंत्रे, शिक्षण अशा टिकणाऱ्या भांडवलात घातले तरच पुढच्या पिढ्यांचा उपभोग आजच्या पातळीवर राहील. जागतिक बँक नव्वदच्या दशकापासून या धर्तीवर ‘समायोजित निव्वळ बचत’ काढते: झीज वजा, खनिजाची घट वजा, शिक्षणावरचा खर्च अधिक. या चाळणीतून बोत्स्वानाची चाळिशी बरीच खाली येते, तरी शून्याच्या वर राहते. झांबिया अनेक वर्षे शून्याच्या खाली जातो. जमीनही गेली आणि पासबुकही कोरे.

लोकसंख्येचे भानही हवे. २०२२ च्या जनगणनेत बोत्स्वानाची वस्ती सुमारे साडेतेवीस लाख भरली, झांबियाची एक कोटी शहाण्णव लाख. पुण्याच्या एखाद्या उपनगराला पुरेल एवढ्या प्रशासनाने जो देश चालतो, त्याचे धडे दोन कोटींच्या देशाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आणि बोत्स्वानातली बचत प्रामुख्याने सरकारची. भारतात ती प्रामुख्याने कुटुंबांची. घराघरांतली बचत या दोन्ही देशांत वेगळ्या वाटेने चालते: झांबियात ‘चिलिंबा’, बोत्स्वानात ‘मोत्शेलो’, म्हणजे आपली भिशीच. बाया-बाप्यांच्या त्या भिश्या आणि गोठ्यातली गुरे यांचे पुरते प्रतिबिंब राष्ट्रीय तक्त्यात पडत नाही. त्यावर एक छोटे प्रकरण आहे. छोटे, कारण साधने तुटपुंजी आहेत.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारा भाग अलीकडचा आहे. झांबियाने १९९७ ते २००० या काळात खाणी पुन्हा खासगी हातात दिल्या, तेव्हा उत्पादन तीन लाख टनांच्याही खाली आले होते. कोंकोला या मोठ्या खाणसमूहातून अँग्लो अमेरिकन २००२ मध्ये बाहेर पडली आणि २००४ मध्ये अनिल अगरवाल यांच्या वेदांताने ५१ टक्के हिस्सा अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतला. पाठोपाठ चीनच्या मागणीमुळे तांब्याला सोन्याचे दिवस आले. २००५-०६ मध्ये झांबियाचे बहुतेक परकीय कर्ज माफ झाले. २०१० नंतर त्याची राष्ट्रीय बचत तीस टक्क्यांच्या वर गेलेली दिसते. आणि तरीही २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये मिळून ३ अब्ज डॉलरचे युरोबाँड विकलेला हा देश नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा हप्ता चुकवून दिवाळखोर ठरला. तीस टक्के बचत आणि दिवाळे एकत्र कसे? उत्तर तक्त्याच्या पोटात आहे. राष्ट्रीय बचत म्हणजे कंपन्या, कुटुंबे आणि सरकार या तिघांची बेरीज. कंपन्यांची गंगाजळी भरलेली आणि सरकारची थैली फाटलेली असली तरी बेरीज गुटगुटीत दिसते. घेणेकरी मात्र बेरजेच्या दारात जात नाही, सरकारच्या दारात जातो.

बोत्स्वानाची पाळीही आता आली आहे. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले. ते हिरे मोठ्या संख्येने सुरतेत बनतात, तेव्हा ज्वानेंगचा गळा आवळणाऱ्यांत आपलीही बोटे आहेत. बँक ऑफ बोत्स्वानातली सरकारची शिल्लक गेल्या दशकभरात आटत गेली. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष ५८ वर्षांनी हरला आणि नोव्हेंबरात ड्युमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. दीर्घकाळ शिलकीत राहूनही हिऱ्यांखेरीज दुसरा मोठा धंदा उभा राहिला नाही, बेकारी हटली नाही, विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी राहिली. पैसा राखण्याचे कसब आणि पैसा कामाला लावण्याचे कसब ही दोन वेगळी असतात. बोत्स्वानाकडे पहिले होते, दुसरे बेताचेच होते, असा माझा निष्कर्ष आहे. तो सगळ्यांना मान्य होईल असे नाही.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल एक सूचना. प्रकरणे कालक्रमाने लावली आहेत, पण सगळी वाचायला सवड नसेल तर झांबियाचे १९७४ ते १९७७ आणि बोत्स्वानाचे १९८१ ते १९८७ ही दोन प्रकरणे आधी वाचावीत, पाठोपाठ, एका बैठकीत. परिशिष्टातल्या तक्त्यांत राष्ट्रीय बचतीच्या रकान्याशेजारी तांब्याचा भाव आणि सरकारी तूट असे दोन रकाने दिले आहेत. बचतीचा रकाना या दोघांवाचून एकटा वाचू नये, एवढी विनंती.